एकशे वीसच्या समोर

"एकशे वीसच्या समोर काय होतं हो रुपराव? अधिक दोन, की वजा दोन?" जीपीओत रजिस्टर पत्रांच्या खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं आणि माझ्या तोंडून उत्तर निघूनही गेलं. "अधिक दोन." एका क्षणाचाही विचार करावा लागला नाही. स्वतःच्या रेशनकार्डाचा नंबर कुणी विचारला तर मला सांगता येणार नाही, सुभद्रेला हाक मारावी लागेल. पण नऊ वर्षांपूर्वी एका विमानात लावलेल्या, आता जळून गेलेल्या बोटभर कार्डावरचा आकडा मात्र जिभेवर तयार बसला होता. मी खाप्याला धाकट्या भावाकडे सातबाऱ्याचे कागद पाठवायला आलो होतो. दुपारची वेळ, खिडकीशी दुसरं कुणी नाही. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव वाचून त्याने मला ओळखलं असणार. मी त्याला ओळखलं ते त्याने प्रश्न विचारल्यावर. केस विरळ, चष्मा, हिरव्या लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर. मुकुंद हरकरे. एके काळी आमच्या फ्लाइंग क्लबात सगळ्यांत हलक्या हाताने विमान उतरवायचा. त्याने शिक्का मारला, पावती पुढे सरकवली. "झालं मग," तो म्हणाला. "मी वजाच केलं असणार. चौकशीवाले म्हणाले तसंच. इतकी वर्षं वाटून राहिलं होतं, एखादवेळी कार्डावरच वजा लिहिलेलं असेल, आपण बरोबरच वाचलं असेल. बरं झालं विचारलं." आणि तो हसला, अगदी चांगलं हसला. मी विचारलं, आई कशा आहेत. म्हणाला, "आहे. बोलते नं. दार लाव म्हणते, पाणी भर म्हणते. नाव तेवढं घेत नाही माझं. मनोहर गेल्यापासून नाही." मनोहर त्याचा थोरला भाऊ. मग माझ्यामागे कुणीतरी येऊन उभं राहिलं आणि मी बाजूला झालो.

सायकल हातात धरून मी चालतच निघालो. चढून बसावं एवढंही सुचत नव्हतं. आता ह्यात मी खोटं काय बोललो? कार्डावर अधिक दोनच होतं. माझ्याच अक्षरात होतं, खाली माझीच सही. पण लेका रुपराव, त्या बिचाऱ्याने नऊ वर्षं एक फट उघडी ठेवली होती, वारा यायला, आणि तू दोन शब्दांत ती लिंपून टाकलीस. तो आज घरी जाईल आणि आईला सांगेल, की पक्कं झालं, चूक माझीच. हे मनात आलं आणि सीताबर्डीच्या एवढ्या गर्दीत मला घाम फुटला, जानेवारीत.

विमानाच्या होकायंत्राला विमानातलंच लोखंड भुलवतं. इंजिन, रेडिओ, तारा, सगळे त्या बिचाऱ्याला आपापल्याकडे ओढतात. म्हणून वर्षातून एकदा विमान मोकळ्यावर न्यायचं, जमिनीवर रंगवलेल्या वर्तुळात उभं करायचं, आणि तीस-तीस अंशांवर वळवत बघायचं, की यंत्र कुठे किती खोटं बोलतं. पितळी पेचकसाने बारीक स्क्रू फिरवून ते खोटं कमी करायचं. जे उरेल ते कार्डावर लिहून यंत्राच्या खाली लावायचं: एकशे वीसवर जायचं असेल तर एकशे बावीस धर. अधिक दोन म्हणजे तेवढंच. आमच्यात ह्याला स्विंग म्हणतात, आणि सोनेगावच्या विमानतळावर स्विंग म्हणजे रुपराव धोटे. मी त्यात फार कडक. वर्तुळात पाय टाकायच्या आधी सगळ्यांनी एका लाकडी परातीत लोखंड काढून ठेवायचं. घड्याळ, किल्ल्या, चाकू, पट्ट्याचं बक्कल. मुख्य शिक्षकांना, ते फौजेतले साहेब, त्यांना मी एकदा पट्टा काढायला लावला होता आणि ते पँट एका हाताने धरून उभे होते. हे सगळ्या हँगरमध्ये सांगितलं जायचं, मी स्वतः सांगायचो, चवीने. शिवाय माझी एक पद्धत होती. उन्हात काचेवर चमक येते, काटा दिसत नाही, म्हणून मी उजव्या हाताची आड यंत्राच्या अगदी लगत धरून वाचायचो. पितळी पेचकस त्याच हातात. नंतर दोघांतिघांनी माझं पाहून ही पद्धत उचलली.

त्र्याहत्तरच्या एप्रिलच्या सुरुवातीला प्रेमिलाला घटसर्प झाला. नऊ वर्षांची पोर, गळा सुजून एवढा. मेडिकलच्या दवाखान्यात तिच्या खाटेशी सुभद्रा, आणि मी सकाळ-संध्याकाळ. तिचा श्वास ऐकू यायचा, तो मला कामावरही ऐकू यायचा. माझी आई प्रयागबाई खाप्याहून आली ती काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी घेऊन. "शनीची दशा हाय पोरीले. बापानं घालाव लागते, सात शनिवार. मधात काढली तं केलं नाही केलं सारखंच. तुले माही शपथ." मी मशिनवरचा माणूस, मी हसायला पाहिजे होतं. नाही हसलो. उजव्या हाताच्या पहिल्या बोटात घातली. पोरीला उतार पडायला लागला, खरंच पडायला लागला, डॉक्टरांच्या औषधाने म्हणा. आणि सहा शनिवार झाले, सातवा उद्यावर आला, तेव्हा त्या चार माणसांच्या लहान विमानाची स्विंग निघाली. सगळ्यांनी परातीत लोखंड टाकलं. मी घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या. मग अंगठीवर अंगठा ठेवला. अर्धी फिरवलीसुद्धा.

हे मी नीट सांगतो, कारण इथे मी स्वतःलाच फार वेळा फसवलं आहे. मी विसरलो नव्हतो. परातीसमोर उभा राहून मी विचार केला. एका बाजूला पोरीचा श्वास, एका बाजूला हे एवढंसं लोखंड. म्हटलं, एवढ्याशाने काय होते? होऊन होऊन अर्धा अंश. उद्याचा एक दिवस गेला की सुटलो. महादेवराव माझ्या जोडीचा, तो बाहेर उभा राहून हातातल्या होकायंत्राने खरी दिशा सांगायचा, त्याने ओरडून विचारलं, "काहून गा, चढत काहून नाही?" मी चढलो. बारा ठिकाणी विमान वळवलं, बारा वेळा हाताची आड धरली, काटे बघितले, स्क्रू फिरवले. इतकी सुरेख स्विंग आयुष्यात झाली नव्हती. कुठेही दोनच्या वर फरक नाही. महादेवरावाला मी ते कार्ड मुद्दाम दाखवलं होतं. अंगठीच्या जोडीने ते यंत्र खरं बोलत होतं आणि मी तिच्यासकट ते पक्कं करून ठेवलं होतं. हात काढून घेतल्यावर ते कुठे बघणार होतं, हे मी हात काढून एकदाही बघितलं नाही. माझी पद्धतच तशी होती.

पाच दिवसांनी मुकुंदने मोठ्या भावाला जगदलपूरला न्यायला ते विमान काढलं. मनोहर तिकडे भूगर्भ खात्यात रुजू होणार होता. यमुताईंना, त्यांच्या आईला, त्याने बसने जावं असं वाटत होतं, मुकुंदनेच हट्ट धरला. निघताना मनोहरच्या हातात घरून दिलेला पुरणपोळ्यांचा डबा होता. तो स्टीलचा डबा मी त्याला मागे, शेपटीकडे ठेवायला लावला, यंत्रापासून दूर. होय, मी. धुळीचा मे, खाली नुसतं जंगल, ओळखीची खूण नाही. असल्या वेळी माणूस यंत्रावर विश्वास ठेवतो, आणि ठेवायलाच पाहिजे, त्यासाठी तर ते असतं. जगदलपूर आलंच नाही. तो शोधत राहिला, तेल संपलं, कोरड्या नदीच्या पात्रात उतरवायला गेला. उतरवलंही असतं, पण पात्रात दगड होते. मुकुंदला गावकऱ्यांनी बाहेर ओढला. मग विमानाने पेट घेतला.

बातमी आली तेव्हा माझ्या डोक्यात काहीही आलं नाही, हे खरं सांगतो. मी रडलो, सगळे रडले. चौथ्या दिवशी वर्कशॉपमध्ये टेबलावर एक सुटं होकायंत्र तपासायला घेतलं, सवयीने हाताची आड केली, आणि काटा सरकला. हात मागे घेतला, काटा मागे आला. अंगठी अजून बोटातच होती. सात शनिवार झाले तरी आई म्हणाली होती, राहू दे पोर घरी येईस्तोवर. मी चार-पाच वेळा हात पुढे-मागे केला. नऊ अंश. मग यंत्र पेटीत घातलं आणि पेटीला कडी लावली. दोन महिन्यांनी चौकशीवाले आले. फार सभ्य माणसं. "स्विंग कोणी केली?" मी. "नियमाप्रमाणे?" मी म्हटलं, "नियमाप्रमाणे." एक शब्द. माझ्यासमोर माझ्याच कडकपणाच्या गोष्टी त्यांना शिक्षकसाहेबांनी सांगितल्या, पट्ट्याचीसुद्धा. ते हसले. यंत्र वितळून गेलं होतं, कार्डाची नक्कल रजिस्टरात होती, ती निर्दोष. तेव्हा त्यांनी निष्कर्ष काढला, की वैमानिकाने अधिकच्या जागी वजा केलं, वर वाऱ्याचा अंदाज चुकला. मुकुंदला त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, आठवत नाही, असेल. त्याचं लायसन गेलं. माझं काय गेलं? प्रेमिला घरी आली. मी मूग गिळून बसलो आणि त्यावर नऊ वर्षं जेवलो.

आणि तिच्याकडे बघणं जड होत गेलं. हे कुणाला सांगायचं? सुभद्रेला वाटे, पोर वाचल्यापासून बाप उलट तुटक झाला. प्रेमिलाची दहावी झाली, ती कॉलेजात गेली, वेणी घालून आरशासमोर उभी राहिली, की मला वाटायचं, ह्या घरात एक चालते-बोलते, तर त्या घरात एक नाही. शनीबिनी मी आता मानत नाही. पण न मानूनही हिशेब काही सुटत नाही. जीपीओतून आलो त्या संध्याकाळी सुभद्रेने ताट वाढलं आणि मी भाकरीचा तुकडा मोडून तसाच बसलो. "काय झालं? जेवून काहून नाही राहिले?" मी म्हटलं, हरकऱ्यांचा मुकुंद भेटला होता. ती पातेल्यात डाव फिरवत म्हणाली, "अगं बाई. त्या माउलीचं नशीब फुटकं. एक गेला तं गेला, दुसरा जित्ता असून मेल्यावानी." मी म्हटलं, त्याची चूक नसंल तं? ती म्हणाली, "मंग कोनाची?" सरळ विचारलं तिने, मनात काही नाही, पातेल्यात लक्ष. प्रेमिला शेजारी बसून लोणच्याची फोड चोखत होती. मी म्हटलं, वाढ थोडं वरण.

शनिवारी नव्या विमानाचं काम होतं. क्लबाने लहान विमान घेतलं होतं, आणि त्यात आमच्या इथे पहिल्यांदाच इलेक्ट्रॉनिक होकायंत्र. ह्यात दिशा ओळखणारा डोळा पंखाच्या टोकाशी, सगळ्या लोखंडापासून लांब बसवलेला. तिथून तार सीटमागच्या डबीत येते, डबी ते मोठं करून समोरच्या तबकडीला सांगते. तबकडी नुसती बोलते, ऐकण्याचं काम पंखात. दिल्लीहून आलेलं पुस्तक मी आठ दिवस वाचत होतो. डबीवरचे दोन बारीक पेच, एक उत्तर-दक्षिणेचा, एक पूर्व-पश्चिमेचा. बाहेर पोरं शेपूट धरून विमान वळवणार, महादेवराव खरी दिशा ओरडणार, मी पेच फिरवत तबकडी जुळवणार. परात पुढे आली. सगळ्यांनी आपापलं टाकलं. महादेवराव म्हणाला, "आता कायले हवी ही परात? यंत्र पंखात, आपण हितं." बरोबरच होतं त्याचं. मी चढलो. उन्हाची तिरीप तबकडीवर आली आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला, तबकडीला लागून. काटा ढिम्म. मी हात हलवला, मूठ केली, बोटं पसरली. काही नाही. हे यंत्र नऊ वर्षं आधी आलं असतं, असं वाटलं. आणि लगेच स्वतःची किळस आली, की अजून तू यंत्रालाच दोष देतोस का रे? ते जुनं बिचारं जे होतं ते दाखवत होतं. तुझ्या बोटात जे होतं तेसुद्धा.

साठ झाले. नव्वद झाले. "एकशे वीस!" महादेवराव बाहेरून ओरडला. काटा येऊन एकशे वीसवर थांबला, केसभर इकडे नाही, तिकडे नाही. कार्डावर एकशे वीसच्या समोर मी शून्य लिहिलं. मग पुढचे आकडे घेतले, सगळे घेतले, कुठे अर्धा, कुठे एक. खाली उतरलो, पंखावर कार्ड ठेवून सही केली. नेहमीसारखी वळणदार सही आली, खाली रेघ ओढून दोन टिंबं. ती बघून मला इतकी भीती वाटली की सांगता येत नाही. ह्याच हाताने उद्या पुन्हा 'नियमाप्रमाणे' लिहिलं जाईल आणि मला काही वाटणार नाही, पेन्शनीला चार वर्षं उरली आहेत, चार वर्षं अशीच निघून जातील. महादेवराव चहाला हाक मारत होता. मी म्हटलं, मी जाऊन येतो. "आत्ता? कुठी?" धंतोलीले, म्हटलं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तो चहाला गेला.

वर्धा रोडने सायकल मारत मी काय बोलायचं ते जुळवत होतो, आणि जुळवताना लक्षात येत होतं, की सगळी वाक्यं मला वाचवायलाच निघाली आहेत. हरकऱ्यांच्या घराच्या पायरीवर यमुताई उन्हात बसून ताटात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. पांढरं नऊवारी, वाळलेले हात, बोटं मात्र झपझप. मी नाव सांगितलं. "सोनेगावचे," त्या म्हणाल्या. "तो अजून आला नाही. शनिवारी अर्धा दिवस असतो, येईल इतक्यात. बसा." दुसरं काही म्हणाल्या असत्या तर कदाचित मुकुंदची वाट बघत थांबलो असतो, निघूनही गेलो असतो. पण त्या एवढं साधं 'बसा' म्हणाल्या, की मी खालच्या पायरीवर बसलो आणि सुरू झालो. पोर आजारी होती म्हणालो. आईने शपथ घातली होती म्हणालो. मेडिकलमधली जागरणं सांगितली. त्या गडबडीत अंगठी काढायची लक्षातच राहिली नाही, म्हणालो. मग काटा कसा खोटा बसला, मुकुंदने कार्ड कसं बरोबरच वाचलं असेल, बरोबर वाचूनच तो नऊ अंश बाजूला गेला असेल, हे सांगितलं. 'नियमाप्रमाणे' हा शब्द सांगितला. त्या शेंगा सोलत होत्या. मध्ये एकदा बोटं थांबली, पुन्हा सुरू झाली.

त्यांनी विचारलं, "मुलगी?" आहे, म्हटलं. बी.एस्सी.ला आहे. "किती वर्षांची?" अठरा. त्यांनी मान हलवली. शिव्या द्याव्यात, ताट फेकून मारावं, असं मला मनापासून वाटत होतं. त्या म्हणाल्या, "मी त्याला अपशकुनी म्हणाले होते. भावाला खाल्लंस म्हणाले. तेरावं झालं त्या दिवशी." मग पदराला हात पुसले. "तो काही बोलला नाही. बोलायला पाहिजे होतं त्याने." मी म्हटलं, त्याले माहीत नव्हतं, आई. "मलासुद्धा माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण आई मी होते नं."

फाटक वाजलं. मुकुंद सायकल आत घेत होता. मला बघून थबकला, तोंडावर तेच पोस्टातलं हसू यायला लागलं. "मुकुंद," यमुताई म्हणाल्या. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणाल्या, "मुकुंदा." सायकल त्याच्या हातातून सुटून फाटकावर पडली. त्याने ती उचलली नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. तो आईकडे बघत राहिला, आणि त्या बघण्याने माझी तिथे बसण्याची लायकी उरली नाही. "इकडे ये. बस इथे," त्या म्हणाल्या. तो येऊन त्यांच्या पायरीवर, जरा अंतर ठेवून बसला. त्यांनी सोललेल्या दाण्यांचं ताट उचलून बाजूला केलं आणि सरकून मधलं अंतर संपवलं. मग माझ्याकडे वळल्या. डोळे कोरडे होते. "सांगा ह्याला. मला सांगितलंत तसं सगळं, पहिल्यापासून."

मी उभा राहिलो. पोरीचं आजारपण जिभेवर आलं, आईची शपथ आली, मेडिकल आलं, सगळं ओळीने येऊन उभं राहिलं. मुकुंद माझ्या तोंडाकडे बघत होता, चष्म्यावर धूळ बसली होती. मी पोरीचं नाव घेतलं नाही.

"माझ्या बोटात लोखंडाची अंगठी होती," मी म्हणालो. "मले माहीत होतं. आन् मी काढली नाही."